शुक्रजंतू, प्रदूषण आणि आहार
अपत्यासाठी आलेल्या जोडप्यात तपासणीचा आग्रह पत्नीपुरताच असतो, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. वास्तविक शुक्रजंतू फार नाजूक. त्याच्या आवरणात बहुअसंतृप्त मेदाम्ले विपुल, पण पेशीद्रव अत्यल्प. म्हणून संरक्षक विकरे तुटपुंजी. शिसे, कॅडमियम, तंबाखूचा धूर यांमुळे वाढणारे ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू आवरणास व डीएनएस इजा करतात. आवळा-पेरूतील 'क' आणि शेंगदाण्यातील 'ई' जीवनसत्त्व त्यांना निष्प्रभ करतात. मात्र गोळ्यांवर भिस्त नको. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील २,३७० जोडप्यांच्या चाचणीत जस्त व फॉलिक आम्लाने अपत्यजन्माचे प्रमाण वाढले नाही. शुक्रजंतू घडण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून मी पतीला सांगतो : तंबाखू आजच सोडा, ताटात रोज फळे-भाज्या असू द्या आणि तीन महिन्यांनी स्वतः तपासणीस या.