रात्रभर धरणारा नांगर

शिडाच्या बोटीचा नांगर तिच्या मानाने अगदीच हलका असतो. ३५ फुटी बोटीचे वजन ५-६ टन, आणि तिचा नांगर जेमतेम १५-१६ किलोचा. एवढ्याशा लोखंडाच्या भारावर बोट थांबणे शक्यच नाही. नांगराचे पाते तळाच्या वाळूत किंवा चिखलात रुतते आणि ओढ आडवी असेल तोवर आणखी खोल जाते. तीच ओढ वरच्या बाजूला लागली, की जमिनीतला खुंटा उपटावा तसे ते निघून येते. वाऱ्याच्या रात्रीची जवळजवळ सगळी तयारी ही ओढ आडवी राहावी म्हणून असते, आणि ती अंधार पडण्याआधी उरकावी लागते.

पहिला प्रश्न जागेचा. वारा बोटीला ज्या किनाऱ्याकडे ढकलतो त्या किनाऱ्याजवळ रात्र काढणे धोक्याचे, कारण नांगर सुटला तर सावरायला वेळच मिळत नाही. वारा जमिनीवरून येईल असा आडोसा हवा. रत्नागिरीचे उदाहरण घेण्यासारखे आहे. रत्नदुर्गाचे भूशिर समुद्रात घुसलेले, त्याच्या उत्तरेला मिऱ्याचा किनारा आणि दक्षिणेला मांडवी. फेब्रुवारी ते मे या काळात कोकणात दुपारनंतर वायव्येचा वारा जोर धरतो, तेव्हा आडोसा मांडवीच्या बाजूला मिळतो. वारा नैर्ऋत्येकडे वळला, की मांडवी उघडी पडते आणि मिऱ्याची बाजू बरी ठरते. आडोशालाही लाटांची फुगवटी भूशिराला वळसा घालून येतेच, त्यामुळे बोट सुरक्षित असली तरी झोप लागेलच असे नाही.

नंतर तळ पाहायचा. घट्ट वाळू आणि चिखल नांगर चांगला धरतात. कातळावर तो एक तर घसरतो, नाहीतर फटीत असा अडकतो की सकाळी निघत नाही. शेवाळाच्या गादीवर तो रुतल्यासारखा वाटतो, पण खरे तर वरवर अडकलेला असतो. पूर्वीचे खलाशी दोरीला बांधलेल्या शिशाच्या बुडाच्या खळग्यात चरबी भरून ते खाली सोडत. चरबीला चिकटून आलेल्या वाळूवरून किंवा चिखलावरून तळ कळे. आता सागरी नकाशात तळाचा प्रकार छापलेला असतो. मुंबई-रायगडच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे डोल जाळ्यांचे खुंट आणि त्यांचे दोर. त्यांत नांगर किंवा बोटीचा पंखा अडकला तर बोटीचे नुकसान होते आणि कोळ्यांचेही.

नांगराचे प्रकार अनेक आहेत. रुंद, चपट्या दोन पात्यांचा डॅनफोर्थ वाळूत फार घट्ट बसतो, पण ओढीची दिशा एकदम उलटली तर सुटू शकतो. फाळाच्या आकाराचा सीक्यूआर हा केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९३३च्या सुमारास काढला. तो समुद्री विमानांसाठी होता, कारण त्यांना कमी वजनात जास्त पकड हवी होती. टेलर स्वतः शिडाची बोटही चालवत. हल्लीच्या खोलगट पात्याच्या बऱ्याच नांगरांना मागे एक कमान असते. तिच्यामुळे नांगर उलटा पडला तरी सरळ होतो आणि सुटला तर लवकर पुन्हा रुततो.

पण कितीही चांगला नांगर आखूड साखळीवर निकामी होतो. पाण्याच्या खोलीच्या तिप्पट साखळी सोडली आणि ती ताणून सरळ झाली, तर ओढ तळाशी सुमारे १९ अंशांचा कोन करते. पाचपट सोडली तर साडेअकरा, सातपट सोडली तर आठ अंश. म्हणून नुसत्या साखळीला निदान पाचपट, दोराला सातपट आणि जोराच्या वाऱ्यात जागा असेल तर आठ-दहापट हा ठोकताळा आहे. नवशिक्याची गफलत होते ती खोलीत. ओहोटीला ४ मीटर पाणी दिसते म्हणून तो २० मीटर साखळी सोडतो. रत्नागिरीला उधाणाच्या दिवसांत पाणी सुमारे २ मीटर चढते आणि साखळी जिथून सुटते ती बोटीची नाळ पाण्यापासून मीटरभर वर असते. मध्यरात्री भरतीला खरी खोली ७ मीटर होते, आणि पाचपट वाटलेली साखळी तिपटीलाही पुरत नाही. इथे ३५ मीटर हवी होती. जोराचा वारा असेल तर ५६ ते ७०. मुंबईला उधाणाची भरती ४ मीटरहून अधिक चढू शकते, तेव्हा हिशेब आणखी बदलतो.

नांगर टाकताना बोट वाऱ्याला सामोरी आणून पूर्ण थांबवतात. ती मागे सरकू लागली, की नांगर हळूहळू तळाला उतरवतात आणि बोट सरकेल तशी साखळी पसरत जातात. सगळी एकदम सोडली तर तिचा ढीग नांगरावरच पडतो. ठरलेली लांबी सुटल्यावर साखळी पक्की करून इंजिन मंद रिव्हर्समध्ये टाकायचे आणि जोर थोडा थोडा वाढवायचा. या वेळी एकाने नाळेवर उभे राहून ताठ साखळीवर तळवा ठेवावा. नांगर घसरत असेल तर साखळी खडखडते, दातेरी धक्के हाताला लागतात. रुतला असेल तर ती ताठ आणि मुकी राहते. किनाऱ्यावरच्या दोन खुणा, समजा पुढचे माडाचे झाड आणि मागचे देऊळ, एका रेषेत धरून ठेवल्या तर बोट सरकते की नाही हेही कळते. घसरली तर नांगर उचलून पुन्हा टाकायचा. संध्याकाळी याचा कंटाळा करू नये.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. मंद वाऱ्यात साखळी आपल्या वजनाने खाली झोल घेते आणि धक्के पचवते. जोराच्या वाऱ्यात हा झोल उरत नाही आणि प्रत्येक लाटेचा हिसका थेट नांगराला बसतो. म्हणून साखळीला आकड्याने ८-१० मीटरचा नायलॉनचा दोर जोडतात. नायलॉन ताणला जातो आणि हिसका गिळतो. शिवाय साखळी ओढणाऱ्या यंत्रावर रात्रभर भार राहत नाही.

बोट नांगराभोवती फिरते, त्यामुळे साखळीची लांबी आणि बोटीची लांबी मिळून जेवढी त्रिज्या होईल तेवढे वर्तुळ मोकळे लागते. कोकणात हे विशेष महत्त्वाचे, कारण संध्याकाळचा वायव्येचा खारा वारा पडून उत्तररात्री जमिनीकडून मतलई वारा सुटतो. बोटीचे तोंड फिरते, नांगरावरची ओढही दुसऱ्या बाजूने येऊ लागते, आणि तो सुटून पुन्हा रुतण्याची शक्यता याच वेळी असते. खाडीत तर साधारण सहा तासांनी प्रवाह उलटतो. खोल बुडाची शिडाची बोट प्रवाहाच्या दिशेने उभी राहते, शेजारची हलकी होडी वाऱ्याच्या. दोघींची वर्तुळे सारखी फिरतील असे धरून चालू नये.

१९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नांगरलेल्या बोटीने रात्री चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावायचा असतो, दिवसा काळा गोळा. डोलकाठीच्या टोकावरचा दिवा जवळून येणाऱ्या होडीतून पाहताना ताऱ्यांत हरवतो. पहाटे मासळी घेऊन परतणाऱ्यांसाठी खाली आणखी एक कंदील टांगलेला बरा. जीपीएसच्या अलार्मवर नांगराची जागा तो टाकतानाच नोंदवावी, नाहीतर वर्तुळाचा मध्य चुकतो. वारा जोराचा असेल तर अलार्म लावूनही पाळीपाळीने जागे राहावे लागते.

बोट वाऱ्याला तोंड देणे सोडून आडवी पडू लागली तर नांगर घसरत असण्याची शक्यता मोठी. तेव्हा इंजिन सुरू करायचे आणि मागे जागा असेल तर आणखी साखळी सोडायची. तेवढ्याने थांबली नाही तर नांगर उचलून दुसरीकडे टाकायचा. तेही जमेना आणि किनारा जवळ येत असेल, तर मोकळ्या समुद्रात निघून जाणेच शहाणपणाचे. खडकांशेजारचा आडोसा सोडवत नाही, पण बोटी फुटतात त्या बहुधा किनाऱ्यावर.

सकाळी नांगर हातांनी खेचून काढायचा नसतो. इंजिनवर हळू पुढे जात साखळी गोळा करायची. बोट बरोबर नांगरावर आली आणि साखळी उभी झाली की ती बांधून बोटीच्याच डुलण्याने त्याला सैल करायचे. तळ खडकाळ असेल तर आदल्या संध्याकाळीच नांगराच्या मागच्या टोकाला तरंगत्या बोयाची दोरी बांधून ठेवतात, म्हणजे अडकलेला नांगर उलट्या बाजूने सोडवता येतो. साखळीवर आलेला खाडीचा चिखल मात्र ती आत घेताघेताच धुवावा लागतो.