वहीतील शेवटची नोंद

परदेश सहलीचा शेवटचा दिवस बहुधा खरेदीत आणि सामान बांधण्यात जातो. सांगलीच्या एका निवृत्त दांपत्याने मात्र केनियातील आपला शेवटचा दिवस नैरोबीच्या बाजारासाठी न ठेवता, तेथून उत्तरेस सुमारे दोनशे किलोमीटरवर असलेल्या ओल पेजेता या अभयारण्यासाठी राखून ठेवला होता. या प्रवासाची त्यांनी फार वर्षे वाट पाहिली होती. २०२० साली आरक्षण झाले, बॅगा भरल्या आणि साथीमुळे सारेच रद्द झाले. पुढे गुडघ्याची शस्त्रक्रिया, मग नातीचा जन्म, अशी वर्षे सरली. सहप्रवासी त्यांना काका-काकू म्हणत; येथेही तेच संबोधन सोयीचे.

काकांना नोंदी ठेवण्याची सवय. तारीख, स्थळ, प्राणी, संख्या असे रकाने आखलेली वही त्यांनी बरोबर नेली होती. मसाई मारात पहिल्याच दिवशी ही पद्धत कोलमडली. सेरेंगेटीतून हिरव्या गवताच्या शोधात उत्तरेकडे आलेल्या विल्डबीस्टच्या कळपांनी क्षितिजापर्यंतचे माळरान काळे झाले होते. संख्येच्या रकान्यात काकांनी ‘अगणित’ असे लिहिले. हिशेबाच्या वहीत असा शब्द खपला नसता. मारा नदीच्या काठी तर दीड तास नुसती प्रतीक्षा. हजारो जनावरे पाण्यापर्यंत येत, थबकत आणि मागे फिरत. अखेर एकाने उडी घेतली आणि मागोमाग सारा लोंढा प्रवाहात उतरला. मगरीने एक पिल्लू ओढून नेले तेव्हा काकूंनी दुर्बीण खाली ठेवली. त्या दिवशी ती पुन्हा हाती घेतली नाही.

विषुववृत्ताच्या परिसरात सूर्य बारा महिने साडेसहाच्या सुमारास मावळतो आणि सायंकाळची फेरीही नेमकी तेव्हाच संपते. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याचा काकूंचा नेम. म्हणून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि सांगलीचे भडंग जीपमध्येच निघे. चालकालाही भडंगाची गोडी लागली. त्याच्या स्वाहिलीत चहाला ‘चाय’ आणि गाडीला ‘गारी’ म्हणतात, त्यामुळे काकूंचे भाषेवाचून फारसे अडले नाही. पुढे नाकुरू सरोवर झाले, जिराफ झाले, वहीची पाने भरत गेली.

ओल पेजेतात उत्तरी पांढऱ्या गेंड्यांपैकी जगात उरलेल्या दोन माद्या आहेत : नाजिन आणि तिची मुलगी फातू. डिसेंबर २००९ मध्ये सुदान आणि सुनी या दोन नरांसह त्यांना चेक प्रजासत्ताकातील प्राणिसंग्रहालयातून येथे आणले गेले. आफ्रिकेच्या मोकळ्या रानात प्रजनन होईल, ही आशा होती. ती फळली नाही. २०१४ मध्ये सुनी गेला आणि १९ मार्च २०१८ रोजी सुदान. ज्या शिंगासाठी हा वंश संपत आला, ते शिंग माणसाच्या नखाकेसांत असते त्याच केराटिनचे असते.

त्यांना पाहण्यासाठी प्रवेशमूल्याखेरीज वेगळे शुल्क आहे, हे कळताच काकू अडून बसल्या. “अहो, दोनच उरल्यात बिचाऱ्या. त्यांनाही बघायला तिकीट? तुम्ही जा, मी इथेच थांबते.” काका वाद घालीत बसले नाहीत. उत्तर दिले ते तेथील राखणदाराने. या दोघींवर चोवीस तास सशस्त्र पहारा असतो. चारा, वैद्यकीय देखभाल, पहारेकऱ्यांचे पगार या साऱ्याला पर्यटकांच्या पैशांचा मोठा आधार. २०२० मध्ये पर्यटक आले नाहीत. पहारा मात्र एक रात्रही उठवता आला नाही. त्याच वर्षी आरक्षणाची पूर्ण रक्कम परत मिळावी म्हणून आपण तीन पत्रे लिहिली होती, हे काकांना आठवले. रक्कम मिळालीही होती. काकू काही न बोलता गाडीत येऊन बसल्या.

कुंपणाच्या आत फातू चरत होती. रंग पांढरा नव्हेच, ओल्या मातीसारखा राखाडी. रुंद ओठांनी गवत तुटतानाचा आवाज गाडीपर्यंत ऐकू येत होता. वंश पुढे नेण्याची एक वाट अजून उघडी आहे. फातूची बीजांडे काढून, गोठवून ठेवलेल्या वीर्याशी त्यांचा संयोग घडवून प्रयोगशाळेत भ्रूण तयार केले गेले आहेत. दोघींनाही गर्भ पेलणे शक्य नसल्याने ते दक्षिणी पांढऱ्या गेंड्याच्या मादीत वाढवावे लागतील. जानेवारी २०२४ मध्ये या पद्धतीने गर्भ राहू शकतो हे जाहीर झाले. तो भ्रूण दक्षिणी उपजातीचाच होता आणि वाहक मादी जंतुसंसर्गाने दगावली, तरी पद्धत सिद्ध झाली.

“हिची आई कुठंय?” काकूंनी विचारले. चालकाने झाडाच्या सावलीकडे बोट दाखवले. नाजिन आडवी पडली होती. काकूंनी त्या दिवशी दुर्बीण बराच वेळ डोळ्यांवरून काढली नाही.

नैरोबीच्या वाटेवर काकांनी वही उघडली. तारीख, स्थळ, प्राणी लिहून झाले. संख्येच्या रकान्यापाशी ते थांबले आणि मग लिहिले : २ पैकी २.

विमानतळावर बॅगांचे वजन येताना होते त्याहून कमी भरले. भडंग संपले होते आणि खरेदी झालीच नव्हती.