गेमिंग संगणकासाठी कमी आवाजाचा पॉवर सप्लाय कसा निवडावा?

गेमिंग संगणक खरेदी करताना ग्राहकाचे लक्ष प्रामुख्याने प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाकडे असते. पॉवर सप्लाय, म्हणजेच बाजारात ‘एसएमपीएस’ या नावाने ओळखला जाणारा भाग, बहुधा सर्वात शेवटी आणि उरलेल्या पैशांत घेतला जातो. मात्र संगणकाच्या प्रत्येक भागाला वीज पुरविणारा हाच संच निकृष्ट असल्यास त्याच्या बिघाडात महागडे ग्राफिक्स कार्डही निकामी होऊ शकते. शिवाय एकाच खोलीत कोणी अभ्यास करत असेल किंवा वृद्ध व्यक्ती झोपलेली असेल, तर त्याच्या पंख्याची घरघर साऱ्या कुटुंबाला त्रासदायक ठरते.

आवाज का होतो?

घरातील २३० व्होल्टच्या एसी विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या डीसी विजेत रूपांतर करणे, हे पॉवर सप्लायचे कार्य आहे. या रूपांतरात काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते आणि ती उष्णता बाहेर टाकण्यासाठी पंखा फिरतो. उष्णता जितकी अधिक, तितका पंखा वेगाने फिरतो आणि आवाजही वाढतो. त्यामुळे शांत पॉवर सप्लायचा शोध कार्यक्षमतेपासून सुरू होतो.

उदाहरणार्थ, संगणकाला ४०० वॅट वीज लागत असेल आणि पॉवर सप्लायची कार्यक्षमता ८५ टक्के असेल, तर तो सुमारे ४७० वॅट वीज खेचतो व ७० वॅट उष्णता निर्माण करतो. कार्यक्षमता ९२ टक्के असल्यास हीच उष्णता सुमारे ३५ वॅट, म्हणजे निम्म्यावर येते. वीजबिलातही त्या प्रमाणात बचत होते.

कार्यक्षमतेचे मानांकन

कार्यक्षमता ओळखण्यासाठी ‘८० प्लस’ हे मानांकन प्रचलित आहे. ते २००४ मध्ये अमेरिकेत सुरू झाले. ११५ व्होल्टवरील चाचणीत ‘ब्राँझ’ श्रेणीसाठी निम्म्या भारावर ८५ टक्के, ‘गोल्ड’साठी ९० टक्के, तर ‘प्लॅटिनम’साठी ९२ टक्के कार्यक्षमता आवश्यक असते. सर्वसाधारण गेमिंग संगणकासाठी ‘गोल्ड’ श्रेणी पुरेशी मानली जाते.

तथापि, हे मानांकन आवाजाविषयी काहीही सांगत नाही. त्याची चाचणीही सुमारे २३ अंश सेल्सिअस तापमानात होते. नागपूर किंवा दिल्लीच्या उन्हाळ्यात खोलीचे तापमान याहून कितीतरी अधिक असते. त्यामुळे पॉवर सप्लाय ४० अंशांपर्यंत पूर्ण क्षमतेने चालतो की ५० अंशांपर्यंत, ही उत्पादकाने दिलेली माहिती आपल्याकडे अधिक महत्त्वाची ठरते.

आवाजाचे मोजमाप

आवाजासाठी ‘सायबेनेटिक्स’ या संस्थेचे ‘लॅम्डा’ हे स्वतंत्र मानांकन उपलब्ध आहे. त्यात सरासरी आवाज १५ डेसिबलपेक्षा कमी असल्यास ‘ए प्लस प्लस’, १५ ते २० डेसिबल असल्यास ‘ए प्लस’, तर २० ते २५ डेसिबल असल्यास ‘ए’ श्रेणी दिली जाते. डेसिबलची वाढ साध्या बेरजेसारखी नसते. १० डेसिबलची वाढ कानाला साधारणपणे दुप्पट आवाजासारखी जाणवते. भारतात २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागातील रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ही मर्यादा परिसरातील आवाजासाठी आहे. बंद खोलीत, उशाशी चालणाऱ्या यंत्राचा आवाज याहून बराच कमी असूनही झोपेत व्यत्यय आणू शकतो.

पंख्याचा आकारही पाहावा. १२० मिलिमीटरच्या पंख्याच्या तुलनेत १३५ किंवा १४० मिलिमीटरचा पंखा कमी वेगात तेवढीच हवा खेचतो. द्रवाधारित बेअरिंग असलेले पंखे शांत आणि टिकाऊ असतात. काही संचांमध्ये कमी भारावर पंखा पूर्णपणे बंद ठेवण्याची सोय असते.

पंखा मंद असूनही किणकिण ऐकू येत असेल, तर ती बहुधा तारेच्या वेटोळ्यांच्या कंपनाची असते. असा आवाज ग्राफिक्स कार्डातूनही येऊ शकतो. खेळातील फ्रेमची संख्या मर्यादित ठेवल्यास तो अनेकदा कमी होतो.

किती वॅटचा घ्यावा?

‘आरटीएक्स ४०७०’ हे ग्राफिक्स कार्ड सुमारे २०० वॅट वीज घेते आणि त्यासाठी एनव्हिडिया कंपनीने ६५० वॅटच्या पॉवर सप्लायची शिफारस केली आहे. ‘आरटीएक्स ५०९०’ या कार्डाची गरज ५७५ वॅट असून त्यासाठी १००० वॅटची शिफारस आहे. क्षमतेच्या ५० ते ६० टक्के भारावर पॉवर सप्लाय कार्यक्षम असतो आणि पंखाही संथ राहतो. मात्र मध्यम संगणकासाठी १००० वॅटचा संच घेणे बहुधा अनावश्यक खर्चाचे ठरते.

ग्राफिक्स कार्डाची विजेची मागणी क्षणार्धात मोठी उसळी घेते. ही उसळी पेलण्याची अट २०२२ च्या ‘एटीएक्स ३.०’ मानकात घालण्यात आली, ‘एटीएक्स ३.१’ ही त्याची पुढील आवृत्ती आहे. २०२२ मध्येच ‘आरटीएक्स ४०९०’ कार्डांचे प्लग वितळल्याच्या तक्रारी पुढे आल्या होत्या. प्लग पूर्णपणे न बसणे हे त्यांतील सामाईक कारण असल्याचे कंपनीने म्हटले होते. म्हणून प्लग शेवटपर्यंत बसल्याची खात्री करणे आवश्यक आहे.

घरी घ्यावयाची काळजी

आधुनिक पॉवर सप्लायमध्ये ‘अॅक्टिव्ह पीएफसी’ ही यंत्रणा असते. स्वस्त यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर असे काही संच वीज जाताच बंद पडतात. त्यामुळे शुद्ध साइन वेव्ह देणारा, पुरेशा क्षमतेचा यूपीएस निवडणे श्रेयस्कर आहे. तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग असल्याची तपासणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी.

पॉवर सप्लाय कॅबिनेटच्या तळाशी असल्यास संगणक सतरंजीवर ठेवू नये, कारण त्यामुळे हवेचा मार्ग बंद होतो. धुळीची जाळी नियमितपणे स्वच्छ करावी. पॉवर सप्लाय मात्र घरी उघडू नये. वीज बंद केल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये प्राणघातक विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

केवळ वेष्टणावरील मोठा आकडा पाहून खरेदी करणे धोक्याचे आहे. १२ व्होल्टवर प्रत्यक्ष किती वॅट मिळतात, हे संचावरील तक्त्यात पाहावे. जादा प्रवाह, जादा व्होल्टेज आणि शॉर्ट सर्किटपासून संरक्षण, तसेच हमीचा कालावधी यांची खातरजमा करावी. पक्के बिल जपून ठेवावे. या बाबी समाधानकारक असल्यावरच आवाजाची तुलना करणे योग्य ठरेल.