तालीम महिन्याची, घडण वर्षाची

मराठीत ‘तालीम’ म्हटले की लाल मातीचा हौदा, घामाने चमकणारे पठ्ठे आणि काठावर उभा असलेला वस्ताद डोळ्यांसमोर येतो. उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. शब्द एकच आहे. अरबीतून निघाला, उर्दूत तो मदरशात आणि शाळेत गेला, मराठीत कुस्तीच्या आखाड्यात येऊन बसला. कसरत, मेहनत, खुराक, जोर, वस्ताद हे तालमीतले रोजचे शब्दही अरबी-फारसीच्याच वाटेने आले आहेत. कुस्तीगीर आजही ‘व्यायाम केला’ असे क्वचितच म्हणतो. तो ‘मेहनत केली’ म्हणतो.

रमजान हीसुद्धा एक तालीमच आहे, दोन्ही अर्थांनी. ठरल्या वेळी उठायचे, ठरल्या वेळी थांबायचे, भूक आणि राग दोन्ही आवरायचे, आणि हे सलग एकोणतीस किंवा तीस दिवस करायचे. तरीही दरवर्षी याच महिन्यात अनेकांचा व्यायाम मात्र सुटतो. अकरा महिने नेमाने धावणारा तरुण पहिल्या रोज्याला बूट कोपऱ्यात ठेवतो. ‘ईदनंतर बघू’ असे म्हणतो आणि ईदनंतर शिरखुर्मा, पाहुणे, लग्नसराई यांत ते बूट तिथेच राहतात. याच्या उलट काही जण भर दुपारच्या उन्हात रोजा धरून नेहमीइतकेच पळतात आणि चौथ्या दिवशी चक्कर येऊन बसतात. दोघांचीही नियत चांगली असते, पण मेहनत कशी बेतायची हे दोघांनाही कोणी शिकवलेले नसते.

जामसरचा रस्ता आणि सोळाशे मीटर

पालघर जिल्ह्यात जव्हार तालुक्यातले जामसर आणि भोवतीचा जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ पट्टा घ्या. शहरासारखी यंत्रांनी भरलेली व्यायामशाळा गावोगावी नाही. पहाटेचा मोकळा रस्ता हेच मैदान, घाटाचा चढ हेच यंत्र. भाताची आणि नागलीची कापणी उरकली की इथली अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीसाठी खाली उतरतात. त्यामुळे पोलीस भरती हा इथल्या मुलामुलींसाठी छंद नसतो. घराचे स्थलांतर थांबवण्याची ती एक संधी असते.

पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांसाठी १६०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर धावायचे असते. यात किमान निम्मे गुण मिळाले तरच लेखी परीक्षेच्या यादीत येण्याची आशा. काही सेकंदांनी गुण खाली येतात. भरतीच्या तारखा रमजान, नवरात्र किंवा श्रावण पाहून लागत नाहीत. म्हणून रोजा आणि सराव एकाच दिवसात कसे बसवायचे, हा जव्हारच्या मोहल्ल्यातल्या मुलासाठी खरा प्रश्न आहे. नवरात्राचे नऊ दिवस उपवास करणाऱ्या पाड्यावरच्या मुलीसाठीही तो तितकाच खरा आहे आणि वसईत लेंटचा उपवासकाळ पाळणाऱ्या ख्रिस्ती तरुणासाठीही.

कष्ट वेगळे, सराव वेगळा

या डोंगररांगेच्या पलीकडे, नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात, हरसूलजवळ सावरपाडा आहे. कविता राऊत तिथली. आदिवासी शेतकरी कुटुंबात १९८५ मध्ये जन्मलेली ही मुलगी पुढे ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हणून ओळखली गेली. २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले आणि त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत त्याच अंतरात रौप्य. २०१२ मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिने मॅरेथॉन जिंकली आणि त्याच वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये ती मॅरेथॉन धावली.

तिची गोष्ट सांगताना बहुतेक जण तिने लहानपणी वाहिलेल्या पाण्यापाशी थांबतात. डोक्यावर हंडा घेऊन डोंगर चढणाऱ्या बाया-मुली या पट्ट्यात प्रत्येक पाड्यावर आहेत. त्या कष्टाने पाय काटक होतात, हे खरे. पण पदक त्याने मिळत नाही. मिळत असते, तर जामसरपासून हरसूलपर्यंत घराघरात पदके दिसली असती. कविताच्या पायांना दिशा मिळाली ती नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली. तिथे वेळापत्रक आले, घड्याळ आले, आज किती पळायचे आणि आज का थांबायचे हे सांगणारा माणूस आला.

कष्टात माणूस दमतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकाच दमतो. सरावात दमणे मोजलेले असते, त्यानंतरची विश्रांतीही मोजलेली असते आणि त्या दोन्हींतून शरीर थोडे पुढे सरकते. रोजा धरून कसेबसे पाच किलोमीटर ओढत नेणे हे कष्ट आहे. त्याच दिवशी संध्याकाळी चारशे मीटरच्या चार फेऱ्या योग्य वेगाने मारून थांबणे हा सराव आहे.

महिनाभर काय टिकवायचे?

व्यायाम पूर्ण बंद केला, तर दमसास साधारण दोन आठवड्यांत उतरू लागतो. ताकद त्याहून जास्त टिकते. म्हणजे रमजानचा पूर्ण महिना सुट्टी घेतली, तर ईदनंतर बरेच मागून सुरू करावे लागते. पण मिळवलेले टिकवायला, ते मिळवताना लागली होती तितकी मेहनत लागत नाही.

शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातील रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर प्रयोग केले. काही जणांकडून दहा आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, रोज ४० मिनिटे जोरदार व्यायाम करून घेतला. मग पुढचे पंधरा आठवडे दिवस कमी केले. काहींना चार, काहींना फक्त दोन. ज्यांनी व्यायामाचा जोर तोच ठेवला, त्यांचा दमसास दोन दिवसांवरही टिकून राहिला. पुढे जोर कमी करून पाहिला, तेव्हा मात्र तो घसरला.

रमजानमध्ये व्यायाम करणाऱ्यासाठी यातून निघणारा अर्थ सोपा आहे: दिवस आणि वेळ कमी करा, जोर फार उतरवू नका. आठवड्यातून दोन-तीन वेळा, वीस-पंचवीस मिनिटे, पण मन लावून. उरलेल्या दिवशी चालणे, सांधे मोकळे करणे, चार सूर्यनमस्कार किंवा दहा बैठका पुरे. या महिन्यात नवे विक्रम करायचे नाहीत, जुने सांभाळायचे.

दिवस असा लावता येतो

गेली काही वर्षे रमजान सरकत फेब्रुवारी-मार्चमध्ये आला आहे. आपल्याकडे या दिवसांत रोजा सुमारे तेरा तासांचा होतो. उन्हाळ्यातल्या रोज्यापेक्षा तो सोपा, पण जव्हारच्या डोंगरातही मार्चची दुपार तापतेच. भुकेपेक्षा मोठी अडचण पाण्याची असते. स्नायूंतला साखरेचा साठा अर्ध्या तासाच्या व्यायामाला पुरतो. घामातून गेलेले पाणी मात्र इफ्तारपर्यंत भरून निघत नाही. म्हणून दुपारची वेळ सोडून द्यावी.

तीन वेळा हाताशी उरतात. पहिली इफ्तारच्या आधीचा अर्धा तास. ही हलक्या व्यायामाची वेळ. जोर लावायचा नाही, कारण पाणी अजून पोटात जायचे असते. लगेच रोजा सुटणार असतो, एवढाच तिचा फायदा. दुसरी तरावीहनंतरची. खजूर, पाणी आणि हलके जेवण होऊन दीड-दोन तास झालेले असतात. वेगाने पळायचे, गोळा फेकायचा, वजन उचलायचे, तर हीच वेळ उत्तम. तिसरी सहरीच्या आधीची. झोप मोडत असल्याने ती सगळ्यांना झेपत नाही, पण ज्यांना पहाटेचीच सवय आहे त्यांनी वीस मिनिटे व्यायाम करून मग पोटभर पाणी प्यावे. रात्री घाटरस्त्यावर एकट्याने पळू नये. शाळेचे मैदान किंवा वस्तीतला उजेडाचा रस्ता निवडावा, दोघातिघांनी मिळून जावे.

खुराकाचे उत्तर याच मातीत आहे. सहरीला पांढरा पाव आणि गोड चहा घेतला, तर दहा वाजताच पोट रिकामे वाटते. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, अंडे किंवा दही पोटात असेल, तर दुपार बरी जाते. इफ्तारला भजी-समोशांवर तुटून पडलेला माणूस तासाभरानंतर मैदानावर जात नाही, पलंगावर जातो. जेवणाबाबत पैगंबरांची शिकवण हदीसमध्ये आली आहे: पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी मोकळा ठेवावा. कुठलाही वस्ताद पठ्ठ्याला हेच सांगेल. पाणीसुद्धा इफ्तारला एकदम न पिता सहरीपर्यंत थोडे थोडे प्यावे.

हुरूप येतो, जातो, नियत राहते

रोज्याची सुरुवात ‘नियत’ने होते. आज काय करायचे, कशासाठी करायचे, हे मनाशी पक्के करणे म्हणजे नियत. व्यायामाच्या बाबतीत लोक हुरुपाची वाट पाहतात. हुरूप पहिल्या आठवड्यात भरपूर असतो, दुसऱ्यात ओसरतो. रोजेदार मात्र सहरीला उठण्यासाठी हुरुपाची वाट पाहत नाही. वेळ झाली की उठतो, कारण निर्णय आदल्या रात्रीच झालेला असतो. ‘जमेल तसा व्यायाम करीन’ ही इच्छा झाली. ‘सोमवारी आणि गुरुवारी तरावीहनंतर शाळेच्या मैदानावर चार फेऱ्या’ ही नियत झाली.

अल्लाहला सर्वांत प्रिय काम ते, जे थोडे असले तरी सातत्याने केले जाते, अशा आशयाची हदीस प्रसिद्ध आहे. शरीराच्या बाबतीतही इस्लामी परंपरा उदासीन नाही. पैगंबरांनी पत्नी हजरत आयेशा यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याचे हदीसच्या ग्रंथांत नोंदलेले आहे. पहिल्या शर्यतीत आयेशा जिंकल्या, काही काळानंतरच्या दुसऱ्या शर्यतीत पैगंबर.

इबादत आणि मैदान यांत वैर नसल्याची उदाहरणे जवळची आहेत, दूरचीही. सोलापूरजवळच्या बोरामणीच्या शेख घराण्यात तीन भाऊ महाराष्ट्र केसरी झाले: इस्माईल १९८० मध्ये, आप्पालाल १९९२ मध्ये आणि मुन्नालाल २००२ मध्ये. एका घरात बावीस वर्षांच्या अंतरात तीन गदा आल्या, त्या एखाद्या मोसमाच्या हुरुपावर येत नाहीत. अमेरिकेत बास्केटबॉलपटू हकीम ओलाजुवान रोजे धरून सामने खेळत असे. १९९५ चा रमजान फेब्रुवारीत आला होता आणि त्याच फेब्रुवारीत तो तिथल्या लीगचा महिन्यातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. अर्थात त्याच्यामागे डॉक्टर होते, आहारतज्ज्ञ होते. त्याची नक्कल करत भर उन्हात पळण्याची गरज कोणाला नाही.

थांबणे हीसुद्धा तालीम

कुराणाने आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत दिली आहे. उर्दूत तिला ‘रुखसत’ म्हणतात. ही सवलत घेण्यात कमीपणा नाही. मधुमेहाचे इन्सुलिन घेणारे, मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे रुग्ण, गर्भवती स्त्रिया यांनी रोजा आणि व्यायाम दोन्हींबाबत डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. व्यायाम करताना डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत धडधड वाढली, घाम येणे अचानक थांबले, तर तिथेच थांबावे, सावलीत बसावे आणि गरज पडल्यास रोजा सोडून पाणी प्यावे. जीव सांभाळणे हे धर्माचेच सांगणे आहे.

एखादा दिवस चुकला म्हणून सगळे सोडून देणाऱ्यांसाठी आणखी एक अभ्यास उपयोगी आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एक नवी सवय लावून घ्यायला सांगितली. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतील असे त्यातून दिसले. कोणाला १८ दिवस, तर कोणाला अडीचशेहून अधिक. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही.

म्हणजे रमजानच्या तीस दिवसांत सवयीचा अर्धा रस्ता होतो. उरलेला ईदनंतरचा आहे आणि व्यायाम बहुतेकांचा सुटतो तो नेमका तिथे. ईदनंतरच्या शव्वाल महिन्यात सहा रोजे ठेवण्याची परंपरा आहे. महिना संपला तरी नेम संपला नाही, हे ती शिकवते. व्यायामालाही असे सहा दिवस देता येतील. ईदच्या दुसऱ्या दिवसापासून, पाहुणे असोत वा नसोत, पहाटे वीस मिनिटे. त्यानंतर हळूहळू जुन्या अंतरावर. ज्यांना सोळाशे मीटरचे घड्याळ गाठायचे आहे त्यांनी हे करावे, आणि ज्यांना फक्त दवाखान्याची पायरी टाळायची आहे त्यांनीही. पाड्यावरचे नवरात्र संपेल तेव्हा आणि वसईतला लेंट संपेल तेव्हा, हाच हिशेब तिथेही लागू आहे.