पिवळी पिशवी आणि आधीची सुई

पावसाळा ओसरू लागला की छत्रपती संभाजीनगरातल्या रक्तपेढ्यांपुढे नातेवाइकांची रांग लागते. जालना, बीड, परभणीहून घाटी रुग्णालयात आणलेल्या डेंगीच्या रुग्णाचा रिपोर्ट हातात पडतो आणि घरचे एकच धोशा लावतात, "डॉक्टर, पेशी कमी झाल्यात, चढवा ना!" आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात तर प्लेटलेटची गरज बारमाही. केमोथेरपीने अस्थिमज्जा थंडावली की प्लेटलेट बनणंच थांबतं, आणि तिथे प्लेटलेटची पिशवी खरोखर जीव वाचवते.

पिशवी मागणाऱ्या बहुतेकांनी ती नीट पाहिलेली नसते. ती लाल नसते, फिकट पिवळी असते. उजेडाकडे धरून हलकेच हलवली की आत पैठणीच्या पदरासारखी चमकती लाट फिरते. ती दिसली तर प्लेटलेट ठणठणीत आहेत असं समजायचं. ही पिशवी फ्रिजमध्ये ठेवत नाहीत. २० ते २४ अंशांवर, सतत झुलणाऱ्या यंत्रावर ठेवतात, आणि साधारण ५ दिवसांत वापरावी लागते. पिवळा रंग प्लाझ्माचा, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवाचा. लाल पेशींच्या पिशवीतून तो बहुतेक काढून टाकलेला असतो, प्लेटलेटच्या पिशवीत मात्र तोच भरलेला असतो. ही पिशवी लावल्यावर काहींना ॲलर्जी येते, तिचं मूळही तिथेच आहे. दात्याच्या प्लाझ्मातली प्रथिनं रुग्णाच्या शरीराला खटकतात आणि अंगावर पित्त उठतं, गांधी येतात, खाज सुटते. क्वचित श्वास अडकतो, रक्तदाब कोसळतो.

कधी कधी दात्याचं रात्रीचं जेवणही पिशवीतून पोहोचतं. नेदरलँड्समध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या एका सहा वर्षांच्या मुलाला प्लेटलेट देताना तीव्र ॲलर्जी आली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली ही नोंद सांगते, की त्या मुलाला लहानपणीच शेंगदाण्याने त्रास झाला होता आणि पाचपैकी तीन दात्यांनी आदल्या संध्याकाळी शेंगदाणे खाल्ले होते. शेंगदाण्याच्या कुटाशिवाय भाजी न करणाऱ्या मराठवाड्याने घाबरून जायचं कारण नाही. अशी प्रकरणं अगदी विरळ. कधी दात्याची ॲलर्जीच रुग्णाकडे येते. १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या रामिरेझ या डॉक्टरांनी एका रुग्णाची हकिगत नोंदवली. रक्त घेतल्यानंतर काही दिवसांनी घोडागाडीत बसताच त्याला दमा उफाळला. पूर्वी त्याला असा त्रास कधीच नव्हता, रक्तदात्याला मात्र घोड्यांची ॲलर्जी होती.

मग हे टाळायचं कसं? आपल्याकडचा ठरलेला रिवाज म्हणजे पिशवी लावण्याआधी एव्हिल या ॲलर्जीविरोधी औषधाची सुई, जोडीला हायड्रोकॉर्टिझोन. ही सुई दिली की नातेवाईक निश्चिंत होतात. पण एव्हिलच्याच जातीची औषधं आधी देऊन ज्या चाचण्या झाल्या, त्यांचा आढावा कॉक्रेन संस्थेने २०१० मध्ये घेतला, तेव्हा सरसकट सगळ्यांना ती दिल्याने ॲलर्जी टळते असा पुरावा सापडला नाही. गांधी उठल्यावर हेच औषध उपयोगी पडतं, आणि ज्याला पुन्हा पुन्हा त्रास होतो त्याला डॉक्टर ते विचारपूर्वक आधीही देतात. सरसकट दिलं तर मात्र गुंगीच तेवढी येते. पांढऱ्या पेशी गाळणाऱ्या फिल्टरचंही तसंच. त्याने थंडीताप कमी होतो, ॲलर्जी नाही.

खरा उपाय प्लाझ्मा कमी करण्याचा. सुमारे दोन तृतीयांश प्लाझ्मा काढून त्याजागी खास क्षारद्रव भरला की ॲलर्जी घटते. वारंवार किंवा तीव्र त्रास होणाऱ्यांसाठी प्लेटलेट धुऊन देता येतात. पण धुताना काही प्लेटलेट वाया जातात आणि पिशवी ४ तासांत संपवावी लागते, म्हणून ते सर्वांसाठी नाही.

याहून साधा उपाय म्हणजे गरज नसलेली पिशवी न लावणं. सिंगापूर आणि मलेशियात डेंगीच्या ३७२ प्रौढ रुग्णांवर झालेली चाचणी २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. प्लेटलेट २० हजार किंवा त्याहून कमी, पण मोठा रक्तस्राव नाही, असे हे रुग्ण. प्लेटलेट दिल्याने रक्तस्राव टळला नाही. दुष्परिणाम मात्र वाढले, त्यांत अंगावर पित्त उठणं सर्वाधिक. माझ्या मते हा निकाल प्रत्येक डेंगी वॉर्डाच्या दारावर मराठीत लावायला हवा. निव्वळ आकडा बघून डॉक्टरांवर दबाव आणणारे नातेवाईक आपल्याच माणसाला नाहक जोखमीत लोटतात.

गरज असेल तेव्हा पिशवी लावायचीच, पण सुरुवात हळू. त्रास दिसला की आधी पिशवी बंद, शिरेतली सुई मात्र सलाईनवर चालू. श्वास अडकला तर मांडीत ॲड्रिनलिन. तिथे एव्हिलवर विसंबून चालत नाही. अशा घटनांची देशपातळीवर नोंद ठेवण्यासाठी १० डिसेंबर २०१२ पासून हिमोव्हिजिलन्स कार्यक्रमही सुरू आहे.

तुमच्या रुग्णाला पूर्वी रक्त किंवा प्लेटलेट घेताना खाज सुटली असेल, पित्त उठलं असेल, तर सिस्टरना ते आधीच सांगा, जुनं डिस्चार्ज कार्ड दाखवा. आणि पिशवी सुरू झाली की निदान पहिली १५ मिनिटं तरी फोन खिशात ठेवून रुग्णाजवळ बसा.