दहा मिनिटं लिहा, दहा मिनिटं बोला

लग्नाच्या मिस्सात इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचला जातो, तेव्हा बाकावरच्या पुरुषांचे कान बायकांनी अधीन राहण्याच्या वचनांपाशी टवकारतात. ती वचनं तीन आहेत, 22 ते 24. त्याच्या आधी, 21 व्या वचनात, पौल दोघांनाही एकमेकांच्या अधीन व्हायला सांगतो. पुढे 25 पासून अध्याय संपेपर्यंत त्याचा रोख बहुतेक नवऱ्यांकडेच आहे. ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला वाहून दिलं, तसं बायकोवर प्रेम करा, अशी अट तो घालतो. लग्नाच्या जेवणात नवरदेवाची थट्टा करणाऱ्यांना हा भाग सहसा आठवत नाही.

पण सोमवारी सकाळी, डबा, लोकल आणि मुलांची शाळा यांच्या मधोमध, प्रेम करायचं म्हणजे काय करायचं? याचं एक सरळ उत्तर स्पेनमधल्या एका धर्मगुरूंच्या कामातून आलं. फादर गाब्रिएल काल्वो यांनी 1962 साली बार्सिलोनात 28 जोडप्यांसाठी शनिवार-रविवारचं एक शिबिर घेतलं. त्या दशकाच्या अखेरीस ते अमेरिकेत पोचलं, तिथे जेज्वीट फादर चक गॅलाघर यांनी त्याचा प्रसार केला, आणि आज ‘मॅरेज एन्काउंटर’ या नावाने ते भारतासह अनेक देशांत चालतं.

शिबिरात काही जोडपी आणि एक फादर आपापल्या आयुष्यातलं बोलतात. मग ऐकणाऱ्यांना एक प्रश्न दिला जातो. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, दोघं वहीत उत्तर लिहितात आणि नंतर आपल्या खोलीत वह्यांची अदलाबदल करतात. चारचौघांत उभं राहून घरचं काही सांगावं लागत नाही. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण ‘सगळ्यांसमोर बोलायला लावतील’ या धास्तीनेच आपले पुरुष अशा ठिकाणी फिरकत नाहीत. शिबिर संपल्यावर घरी न्यायची गोष्ट एवढीच: रोज दहा मिनिटं लिहायचं, दहा मिनिटं बोलायचं.

लिहायचंच का? तोंडी बोलताना समोरच्याचं पहिलं वाक्य संपायच्या आत आपलं उत्तर तयार असतं. वहीला मध्येच तोडता येत नाही. आणि ज्या पुरुषाला लहानपणापासून ‘रडतोस काय मुलीसारखा’ असं ऐकवलं गेलंय, त्याला समोर बसलेल्या बायकोपेक्षा कोरा कागद सोपा वाटतो.

प्रश्न आदल्या दिवशी ठरवायचा. तो घरातलाच असावा. समजा, सासूबाईंच्या ऑपरेशनचा खर्च डोक्यावर आहे. प्रश्न असा: त्या खर्चाबद्दल बोलायची वेळ आली की माझ्या मनात काय होतं? बहुतेक नवरे पहिल्या झटक्यात लिहितात, ‘मला वाटतं, तुझ्या भावाने अर्धे तरी द्यायला हवेत.’ हे मत झालं, आणि भावाचं नाव निघालं की भांडण पाच मिनिटांवर. भावना लिहायची तर ती बहुधा एकाच शब्दात मावते: भीती, लाज, आनंद, एकटेपणा. तो शब्द सापडल्यावर त्याला जागा आणि वेळ द्यायची. उदाहरणार्थ:

‘प्रिय, मला भीती वाटते. पगाराच्या आधीच्या आठवड्यात मी एटीएमसमोर उभा राहतो, आधी शिल्लक बघतो आणि मग किती काढायचे ते ठरवतो. मागे रांग असते. पोटात खड्डा पडतो तो तिथे. हे तुला कळलं तर मी तुझ्या नजरेतून उतरेन असं वाटून गप्प राहतो, आणि तू विचारलंस की चिडतो. तुझाच.’

या पत्रात एकही सूचना नाही, आरोप नाही. गेले सहा महिने नवरा का खेकसतोय, हे बायकोला बहुधा पहिल्यांदा कळतं. सुरुवातीचं ‘प्रिय’ आणि शेवटचं ‘तुझाच’ ही सजावट समजून गाळू नका. मधला मजकूर कडू असेल, तेव्हा तो कुणी लिहिलाय आणि कशासाठी, हे त्याच दोन शब्दांवरून कळतं.

वह्या बदलल्या की पत्र दोनदा वाचायचं. एकदा काय लिहिलंय ते समजून घ्यायला, दुसऱ्यांदा लिहिणाऱ्याच्या जागी बसून. मग दोन्ही वह्यांतली जी भावना जास्त तीव्र असेल, तेवढीच बोलायला घ्यायची. ‘असं तुला आधी कधी वाटलं होतं?’ ‘ते नेमकं कुठे जाणवतं?’ असे प्रश्न विचारायचे. नवरे घसरतात ते इथे. बायकोने लिहिलं, ‘तुझ्या घरच्यांसमोर मला उपरं वाटतं,’ की त्यांचं सुरू होतं: बरं, मी उद्या आईशी बोलतो, पुढच्या रविवारी आपण जायलाच नको. तोडगा निघाला, ऐकणं मात्र राहून गेलं. भावना बरोबर की चूक हा निवाडा या दहा मिनिटांत करायचा नसतो. निर्णय दुसऱ्या दिवशी, चहाबरोबर घ्यावेत.

जागेची अडचण खरी आहे. वसईतल्या मोठ्या घरात माणसं फार, मुंबईतल्या वन-रूम-किचनमध्ये भिंती कमी. गच्ची चालते, संध्याकाळच्या रोझरीनंतर अंगणातला बाक चालतो. लिहिणं तर विरार लोकलमध्ये बसायला मिळालं तर तिथेही होतं. बोटीवर किंवा गल्फमध्ये नोकरी करणाऱ्याने वहीतल्या पानाचा फोटो पाठवावा आणि मग फोन लावावा. पैसे पाठवले, सामान पोचलं का, एवढ्यावर अशी किती लग्नं वर्षानुवर्षं चालतात, ते आपल्या पॅरिशमध्ये सगळ्यांना माहीत आहे.

शरीराच्या जवळिकीबद्दलही याच वहीत लिहायचं असतं. आपल्याकडे त्यावर एक तर विनोद होतात, नाही तर मौन. बायबल मात्र लाजत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल पत्नीविषयीचं कर्तव्य आधी नवऱ्याला सांगतो, आणि बायकोच्या शरीरावर नवऱ्याचा अधिकार म्हणतो त्याच दमात नवऱ्याच्या शरीरावर बायकोचाही. पहिल्या शतकातल्या रोमन जगात हे धाडसाचं होतं. दूर राहायचं तर तेही दोघांच्या संमतीने आणि थोड्या काळापुरतं. पोप फ्रान्सिस यांनी 2016 च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात पतिपत्नींमधली शारीरिक ओढ देवाची देणगी मानली आहे. याच पत्रात त्यांनी लैंगिक संबंधातली जबरदस्ती आणि अधीनता साफ नाकारली आहे. तेव्हा ‘आज नको’ या उत्तरावर रुसणाऱ्या नवऱ्याने इफिसकरांस पत्र पुढे करू नये. त्याऐवजी वहीत प्रश्न लिहावा: आपण जवळ येतो तेव्हा मला कसं वाटतं, आणि टाळतो तेव्हा? आठ तासांची नोकरी करून घरी आलेली, मग स्वयंपाक करणारी बायको काय लिहील, याचा अंदाज बांधता येईल. तिच्या उत्तरावर कधी कधी रात्रीची भांडी घासणं हाच पहिला उपाय असतो.

मराठी ख्रिस्ती घराला कागदावर संसार मांडायचं वावडं नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा तापट स्वभाव आणि उधळा हात दोन्ही आहेत, त्या नवऱ्यावरच्या मायेसकट. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा झाला 1900 साली, त्यांच्या स्वतःच्या मनाने. मधल्या ताटातुटीच्या वर्षांत टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. इतर बाबतींत त्या नवऱ्याला खुशाल नावं ठेवा, पण एवढं त्याच्या पदरात घालावंच लागेल.

ही पद्धत कुठे चालत नाही, तेही सांगतो. मॅरेज एन्काउंटर बऱ्यापैकी चाललेल्या लग्नांसाठी आहे. दुरावा खोल गेला असेल, तर 1977 साली कॅनडातल्या क्वेबेकमध्ये सुरू झालेला ‘रेत्रूव्हाय’ हा उपक्रम वेगळा आहे. दारूचं व्यसन असेल तर आधी त्यावर उपचार हवेत. आणि घरात मारहाण होत असेल, तर वही हा उपाय नव्हे. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सर्व धर्मांच्या बायकांना लागू आहे, महिला हेल्पलाइन 181 वर फोन करता येतो, आणि ‘सहन कर, प्रार्थना कर’ एवढंच सांगणाऱ्याचा सल्ला, तो कितीही भाविक असला तरी, मानू नये.

बाकीच्यांनी शंभर पानी दोन वह्या आणाव्यात. पहिल्या दिवशी पैसे, सासर, मुलं असे विषय नकोत. ‘आज दिवसभरात तुझी आठवण कधी आली, आणि तेव्हा कसं वाटलं?’ एवढ्यावर दहा मिनिटं लिहा. पहिली वही नवऱ्याने पुढे करावी.