साखरेचे बेट आणि कर्जाचे गणित

हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर आजही मराठी कुटुंबे राहतात. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेले होते. १९६८ साली हा देश स्वतंत्र झाला, तेव्हा त्याची बहुतेक निर्यात साखरेचीच होती. तांदूळ, इंधन, यंत्रे बाहेरून येत.

समजा, अशा देशाने १,००० डॉलर कर्ज घेतले. साखरेचा भाव टनाला ५०० डॉलर असेल, तर २ टन साखरेत ते फिटेल. भाव २५० वर आला, तर ४ टन लागतील. कर्ज तेवढेच, ओझे मात्र दुप्पट!

१९७४ साली साखरेचे जागतिक भाव कडाडले, पुढे कोसळले. तेलही महागले. अखेर १९७९ मध्ये मॉरिशसने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे साहाय्य घेतले आणि आपल्या रुपयाचे अवमूल्यन केले. अवमूल्यनाने निर्यातीचा माल परदेशात स्वस्त पडतो. पण देशात आयात तांदूळ महागतो. त्याची झळ गरिबाला आधी लागते.

पुढे कापड-कारखाने आणि पर्यटन वाढले. म्हणूनच २००९ मध्ये युरोपची साखरेच्या भावाची हमी संपली, तरी देश सावरला. एका पायाचे स्टूल कलंडते, तिवई उभी राहते. केवळ कापसाच्या भरवशावर कर्ज काढणाऱ्या आपल्या विदर्भातील शेतकऱ्याला हे गणित समजावून सांगावे लागत नाही.